आभाळातून आलेला दोर

होड्या वर ओढायचे दिवस आले की मला घरात बसवत नाही. वैशाख उतरणीला लागतो, दक्षिणेचा वारा सुटतो, वाळूवर शेवटचा जवळा पसरलेला असतो आणि मी काठी घेऊन बंदरावर जातो. काम काही नसतं. कोणी बोलावलेलंही नसतं. तरी जातो, आणि कोणी होडी चुकीची ओढत असला तर सांगतो. पोरं म्हणतात, "आबा, तुमी सावलीत बसा." मी बसत नाही. उभा जन्म होडीला खांदा दिला, त्याला सावली दाखवणारे हे कोण?

आमच्या दातिवऱ्यात या दिवसांना एक वास असतो. अर्धवट वाळलेल्या जवळ्याचा, होडीच्या बुडाला चोळायच्या तेलाचा, आणि होडी झाकायला तोडलेल्या ओल्या झावळ्यांचा. वाटेवर जांभळं पडून चिरडलेली असतात. बायका जवळा निवडत बसतात आणि एकमेकींच्या सुनांचे गुण सांगतात. पुरुष जाळी उतरवून फाटकं-तुटकं बघतात. मोसम संपलेला असतो, सगळ्यांची अंगं दुखत असतात, त्यामुळे कोणाला खोटं बोलायचा उत्साह नसतो. वर्षातलं खरं बोलणं आमच्याकडे याच पंधरा दिवसांत होतं. मला मात्र याच दिवसांत खोटं बोलायची सवय लागली होती.

परवा उत्तरेकडून हेलिकॉप्टर आलं. किनारा धरून, बरंच खालून. वाळूवरच्या सगळ्यांनी वर बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. हे आता ठरलेलंच आहे. समुद्रातून हेलिकॉप्टरने उचललेला गावात मी एकटा उरलोय. दुसरा होता धर्मा, तो गेल्या दिवाळीत गेला.

धर्मा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. माझ्या होडीवर आयुष्यभर खलाशी. मी तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, पण त्याची जीभ माझ्यापेक्षा मोठी होती. मी होडी बांधायला वाकलो की तो मागून हळूच म्हणायचा, "तांडेल, गाठ नीट मारा, नायतर उडून जायची." बाकीचे हसायचे, त्यांना वाटायचं वाऱ्यावरून चाललंय. मी त्याला शिवी घालायचो. आता मी कोणाची होडी बांधायला हात लावला तर मागून कोणी टोचत नाही. हात मोकळा राहतो आणि तेच बरं वाटत नाही.

आम्हा दोघांना उचललं त्या वर्षीही असाच वैशाख होता. ताडगोळे गोड निघालेले, जवळा भरपूर. मग वादळाची बातमी आली. मच्छीमार सोसायटीच्या भोंग्यावरून दिवसभर ओरडत होते, सगळ्या होड्या परत आल्या होत्या. माझं जाळं तेवढं समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधलेलं होतं. नवं जाळं. आख्खा पावसाळा बसून मी आणि हौसाने विणलेलं. मी म्हटलं, जातो आणि घेऊन येतो.

हौसा, माझी बायको, दारात आडवी उभी राहिली. "जाळं गेलं तर दुसरं विणू. तुमी गेलात तर काय विणू?"

मी ऐकलं नाही. मी कोणाचं ऐकत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. धर्मा अंगात सदरा घालत बाहेर आला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, मी जातो संगती. होडीत कोनीतरी अक्कल न्यायला पायजे."

माझी होडी हिरावती. आईचं नाव. बाप गेल्यावर मी ती बांधून घेतली तेव्हा सुताराबरोबर रोज भांडलो होतो. प्रत्येक फळी मी ठोकून बघितली होती. या दिवसांत मी तिच्या बुडाला तेल चोळत बसायचो तेव्हा हौसा म्हणायची, मला कधी पाय चोळून दिलेत का एवढे. तिचं बरोबर होतं.

जाळं मिळालं नाही. वारा आमच्याआधी पोचला होता. इंजिनात पाणी शिरलं, ते बंद पडलं. त्या रात्रीचं मी लिहिणार नाही. सकाळी वारा पडला, पण समुद्र डोंगराएवढा. आम्ही उत्तरेला वाहत गेलो होतो. होडी लाटेवर चढली की लांबवर तारापूरच्या वीजकेंद्राची चिमणी दिसायची, उतरली की जायची. धर्मा तेलाच्या कापलेल्या डब्याने पाणी उपसत होता. चिमणी दिसली की म्हणायचा, "दिसली. म्हंजे आपण हाय."

हेलिकॉप्टर आलं तेव्हा सकाळ सरत आली होती. आधी छातीत आवाज आला, मग कानात. डोक्यावर येऊन ते उभं राहिलं तसं आजूबाजूचं पाणी पिठासारखं उडायला लागलं. वरून एक माणूस उतरला, नारिंगी कपड्यातला, डोक्यावर टोप. कोळी जसा स्वतःच्या धाग्यावरून उतरतो तसा. दोर पोलादी तारेचा होता, करंगळीपेक्षा बारीक, टोकाला आकडा. त्याचे बूट हिरावतीच्या फळीवर टेकले. त्याने स्वतःला आकड्यातून सोडवलं आणि धर्माच्या काखेतून पट्टा घालायला लागला. तेवढ्यात लाट आली, होडी कलली, तो फौजी इंजिनाच्या पेटीवर आपटला. आणि तो दोर हलत हलत माझ्या तोंडासमोर आला.

आता जे लिहायचंय ते लिहितो.

मी सहा-सात वर्षांचा असताना बाप मला धक्क्यावर उभा करायचा आणि होडीतून दोर फेकायचा. दोर हातात धरून मी बघत राहिलो तर होडी लागल्यावर पहिली थप्पड. "दोर आला की आधी बांध, मग बघ कोणी टाकला." आमच्या सगळ्या बंदरावर हेच शिकवतात. आलेला दोर हातात धरून उभा राहणारा माणूस आमच्यात पाहुणा समजतात. शाळा मी चौथीत सोडली, पण ही शाळा हातांनी कधी सोडली नाही. जेवताना कोणी दोर फेकला तर उष्ट्या हाताने बांधलाय मी.

तर त्या दिवशी तो दोर आला आणि मी तो बांधला. होडीच्या पुढच्या खुंट्याला दोन वेढे, वरून आकडा अडकवलेला. डोक्याला कळायच्या आत हात मोकळे झाले होते. आणि खरं सांगतो, क्षणभर मला बरंही वाटलं. रात्रभर वाहत होतो, शेवटी कशाला तरी बांधले गेलो.

मग होडी लाटेखाली गेली.

तार ताठ झाली. वर ते एवढं धूड, दाव्याला बांधलेला रेडा हिसका खातो तसं एका अंगावर कललं. दारात उभ्या असलेल्या माणसाचं तोंड मला दिसलं. फौजी ओरडत माझ्या अंगावर आला, मला बाजूला ढकललं, गाठ सोडवायला गेला, पण पन्नास माणसं ओढत असल्यासारखी ती आवळली होती. माझी गाठ होती. ती सुटणार नव्हती. मग एकदम तार सैल झाली आणि सापासारखी आमच्या अंगावर येऊन पडली. वरच्यांनी ती तोडली होती. आत चार माणसं होती असं मला मागाहून कळलं. अजून दोन लाटा त्यांनी वाट बघितली असती तर ती चार आणि खालची आम्ही तिघं, सातजण माझ्या एका गाठीत गेले असते.

हेलिकॉप्टरने वरून एक वेढा घातला आणि ते निघून गेलं. ज्याला आम्हाला घेऊन जायचं होतं तो आमच्यातच राहिला.

त्याचं नाव जोगिंदर. तो इंजिनाच्या पेटीवर बसला, माझ्या गाठीकडे बघितलं, आणि मग आपल्या भाषेत बराच वेळ बोलला.

"काय बोलतोय?" धर्माने विचारलं.

"शिव्या देतोय."

"देऊ दे. द्यायलाच पायजेत."

बोलून झाल्यावर त्याने धर्माच्या हातातला डबा घेतला आणि पाणी उपसायला लागला. तो दिवस आम्ही तिघांनी पाळीपाळीने उपसला. उन्हं आली. या दिवसांतलं ऊन कसं असतं, अंगावरचं मीठ तडतडतं. हौसाने दिलेल्या डब्यात जवळ्याची चटणी होती आणि भिजून लगदा झालेली भाकरी. जोगिंदरने बोटाने चटणी चाखली. "ये क्या है, चाचा?"

धर्माला हिंदी बोइसरच्या बाजारापुरती येते. म्हणाला, "झिंगे का बच्चा."

तो हसला. तेव्हा पहिल्यांदा हसला. मग डबा पुसून खाल्ला. सांगायला लागला की त्याचं गाव पहाडात, गावासमोर नदी, पूल नाही. एक तार आहे आणि तारेला पाळणा. त्याची आई बकऱ्या घेऊन त्यात बसते आणि पलीकडे जाते. इकडच्या टोकाला त्याचा काका असतो, पाळणा आला की बांधतो. "उनका हाथ भी नहीं रुकता," तो म्हणाला आणि माझ्या हातांकडे बघितलं. एवढंच. परत तो विषय त्याने काढला नाही.

पण शिकवलं. मला आणि धर्माला समोर बसवून म्हणायला लावलं. तार पहिल्यांदा पाण्याला टेकू द्यायची, तिच्यात वीज असते. आपण हात लावायचा नाही, तो सांगेल तेव्हाच. आणि होडीला बांधायची नाही, कधीही नाही. "फिर से बोलो, चाचा." चौथीनंतर मला कोणी पाठ म्हणायला लावला नव्हता. मी म्हटला. धर्मा मध्येच चुकायचा आणि मला कोपर मारायचा, सांगा म्हणून.

दुसरं हेलिकॉप्टर उन्हं कलल्यावर आलं. तांडेल होडीवरून शेवटी उतरतो, ही आमची रीत. मी तसं सांगायला उठलो. तेवढ्यात धर्माने मागून माझे दोन्ही हात धरले, मांजराचे धरावे तसे, आणि जोगिंदरला ओरडून म्हणाला, "इनको पहले लो. ये बांधता है."

म्हणून मी पहिला गेलो. लिहायला सोपं नाही, पण दातिवऱ्याचा तांडेल आपल्या होडीवरून पहिला वर गेला. पाय सुटले आणि हिरावती खाली राहिली. वरून ती शिंपल्याएवढी दिसत होती, पाण्याने अर्धी भरलेली. पुढच्या खुंट्याला तारेचा तुकडा तसाच होता आणि उन्हात चमकत होता. सोडवायला कोणाला वेळ नव्हता. ती परत कोणाला दिसली नाही. कुठे तळाशी असेल तर माझी गाठ तिच्या अंगावर असेल.

आम्हाला पालघरला एका मैदानात उतरवलं. तिथे चहा दिला, कांबळी दिली. एक साहेब जोगिंदरला विचारत होता, तार का तोडावी लागली. मी चार हातांवर उभा होतो. जोगिंदरने माझ्याकडे बघितलं. "तार नाव में अटक गई थी, सर." मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. नंतर जीपपाशी त्याने माझा हात धरला. हाताची बोटं नीट बघितली, जसं आपण जाळं बघतो. म्हणाला, "चाचा, गाँव में सबको बताना. बस इतना कर देना." मी हो म्हटलं.

माकुणसारवरून गावाकडे येताना केळी आडव्या झालेल्या, आंबे उन्मळलेले, रस्त्यावर कैऱ्यांचा सडा. बंदरावर सगळं गाव उभं होतं. हौसा माझ्याकडे बघून आंघोळीचं पाणी तापवायला गेली. आणि कोणीतरी विचारलं, "आबा, पयलं हेलिकॉप्टर परत का गेलं?"

एवढी माणसं. जाळं गेलं, होडी गेली, सगळ्यांचं न ऐकता गेलो होतो. माझ्याकडे दुसरं काय उरलं होतं? मी म्हटलं, "त्यांचा दोर कच्चा निघाला. तुटला."

धर्माने कान खाजवला.

ती गोष्ट मग वाढत गेली. लग्नात, हळदीला, होड्या ओढताना लोक सांगायला लावायचे. मी सांगायचो, दर वैशाखात थोडी जास्त. गावात म्हणच पडली. खुर्चीचा पाय डुगडुगला, चपलेचा अंगठा तुटला, जावई ढिला निघाला, की म्हणतात, "सरकारी दोर हाय." ज्यांनी मला उचललं त्यांच्या दोराची ही किंमत मी केली. धर्मा त्यावर कधी बोलला नाही. फक्त गाठ मारताना टोचायचा.

या वर्षी सोसायटीने ठरवलं, फौजेतले दोघं येऊन सगळ्या तांडेलांना शिकवणार, वादळात उचलायला आले तर कसं वागायचं. आणि त्यांच्या आधी मी बोलायचं, अनुभवी म्हणून. हे सांगायला परशा आला. परशा माझ्या बहिणीचा मुलगा, स्वतःच्या होडीचा तांडेल, हाताखाली सहा माणसं. ओट्यावर बसला, ताडगोळा सोलत म्हणाला, "मामा, तो सरकारी दोराचा किस्सा सांगाच. आमी तर ठरवलंय. आमच्यावर पाळी आली तर दोर आला की होडीला दोन गाठी मारायच्या. एकीवर भरवसा नाय."

त्याने ताडगोळा माझ्यापुढे धरला. मी तो घेऊन तसाच ओट्यावर ठेवला.

तो गेल्यावर मी अंगणात गेलो. हौसा जवळा निवडत होती. मी उभ्यानेच तिला सगळं सांगितलं, खुंट्यापासून साहेबापर्यंत. तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय," ती म्हणाली. "धर्माने त्याच रातीला सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या तोंडून यायची वाट बघत होते." मग सुपातला कचरा फुंकून म्हणाली, "परशाला सहा माणसं हायत. त्यांच्या बायकापण दारात आडव्या उभ्या राहतात."

सभेच्या दिवशी सोसायटीचा हॉल भरला होता. पंखे फिरत होते, बाहेर जवळ्याचा वास. फौजी दोघं पुढे खुर्चीवर. मी जाताना घरातून एक दोर नेला होता, हिरावतीचा, वादळाच्या आधीपासून पडवीत टांगलेला. लोकांना वाटलं म्हातारा आता किस्सा रंगवणार, आधीच हसायला लागले.

मी व्यासपीठावर चढलो. दोराचं एक टोक धरलं आणि दुसरं तिसऱ्या रांगेतल्या परशावर फेकलं. त्याने झेलला. आणि बघता बघता खिडकीच्या गजाला दोन वेढे आणि गाठ. शेजारच्याशी बोलता बोलता. त्याचं बोलणंसुद्धा तुटलं नाही.

"परशा, तुला बांध म्हणून कोणी सांगितलं?"

त्याने खिडकीकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. "कोनी नाय, मामा."

"मलाबी कोणी सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "हेलिकॉप्टरचा दोर तुटला नव्हता. मी तो होडीला बांधला होता."

मग सगळं सांगितलं. मधे कोणी हसलं नाही. धर्माने माझे हात धरले ते सांगितलं तेव्हा मागून एक-दोघं खाकरले. दोघांतल्या एका फौजीने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला तो उचललाच नाही. जोगिंदरने शिकवलेला पाठ मी म्हटला आणि सगळ्यांना म्हणायला लावला. तार आधी पाण्याला टेकू द्यायची. सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. होडीला बांधायची नाही. तांडेल लोकांना शाळेसारखं म्हणायला लाज वाटत होती. मी परत म्हणायला लावलं.

तोवर परशा गाठ सोडवत होता. सुटत नव्हती, कारण दुसरं टोक मी अजून ताणून धरलं होतं. लक्षात आलं तसा सैल सोडला. गाठ निघाली. दोर मी ओढून घेतला, गोळा केला आणि परत त्याच्यावर फेकला.

परशाने दोन्ही हात काखेत घातले. त्याच्या दंडाची शीर हललेली मला तिथून दिसली. दोर त्याच्या गुडघ्याला लागला आणि खाली फरशीवर पडला. हॉलमध्ये सगळ्या बंदरातले तांडेल होते, जन्मभर दोर झेललेले. सगळे त्या दोराकडे बघत राहिले आणि एकाचाही हात पुढे आला नाही.

दोर असा पडलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. बराच वेळ तो तसाच होता. मग मीच खाली उतरलो आणि वाकून तो गुंडाळून घेतला. आमच्यात दोर जमिनीवर टाकून जात नाहीत.